हुकलेले कॉर्नर

श्री गुरू गोविंदसिंहजींच्या नावाच्या अखिल भारतीय स्पर्धेने नांदेडमध्ये हॉकीचे प्रेम जोपासले. तथापि प्रेम आणि प्रावीण्य या भिन्न गोष्टी होत. मैदानी खेळात बरोबरी साधणारा संघ पेनल्टी कॉर्नरवर सामना गमावतो, तेव्हा दैवाला बोल लावणे व्यर्थ आहे.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रिटनविरुद्ध १७ व्या मिनिटास अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाले. उरलेल्या दहा जणांनी ४० हून अधिक मिनिटे किल्ला लढविला आणि शूटआउटमध्ये विजय मिळविला. कांस्यपदकाच्या सामन्यात स्पेनवरील दोन्ही गोल हरमनप्रीतसिंगने पेनल्टी कॉर्नरवरच केले.

हा चमत्कार नव्हे. कॉर्नर ही श्रमविभागणी आहे. एकाने चेंडू ढकलावयाचा, दुसऱ्याने थोपवावयाचा, तिसऱ्याने गोलात धाडावयाचा. बचावास गोलरक्षकासह पाचच जण. त्यांपैकी कोण धावून जाणार, कोण गोलरेषा सांभाळणार, हे आधीच ठरलेले असावे लागते. असा मेळ नित्य सरावानेच बसतो. खडबडीत जमिनीवर उसळणारा चेंडू तो बिघडवितो.

नांदेड व लातूरच्या महाविद्यालयांना कृत्रिम मैदान तूर्त परवडणारे नसेल, तर गोलसमोरील अर्धवर्तुळ तरी समतल करावे आणि रोज अर्धा तास केवळ कॉर्नरसाठी राखावा. एवढ्याअभावी मुलांची गुणवत्ता वाया जाऊ देणे ही काटकसर नव्हे, उधळपट्टीच होय.