रजेचा अर्ज आणि देहाचे पंचांग

बदलीच्या नोकरीत आयुष्य घालवणाऱ्या माणसाला एक सवय जडते. मुलांच्या शाळा, गावाकडची लग्नकार्ये, आईवडिलांची आजारपणे, सारे काही तो रजेच्या खात्यात बसते की नाही हे आधी पाहतो. ही सवय गैर म्हणता येणार नाही. तिच्यावाचून आपल्यासारख्यांचा संसार चालायचा नाही. परंतु अलीकडे तिने जेथे पाऊल टाकू नये तेथे पाऊल टाकले आहे. गोठवून ठेवलेल्या गर्भाचे रोपण कोणत्या तारखेला करावयाचे, हेही आता रजेच्या खात्यावरून ठरू लागले आहे. मग त्या तारखेला देह सज्ज असावा म्हणून स्त्रीने, अधिकारी ती स्वतः असो वा तिचा पती, आठवडेच्या आठवडे संप्रेरकांच्या गोळ्या नि सुया घ्यावयाच्या! या व्यवहाराला माझा विरोध आहे, आणि तो का, हे येथे स्पष्ट करावयाचे आहे.

प्रथम या तयारीचे स्वरूप नीट ध्यानात घ्यावे. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून इस्ट्रॅडिओलच्या गोळ्या सुरू होतात. पुष्कळदा दिवसाला सहा मिलिग्रॅम, तीन वेळांत विभागून. सुमारे दोन आठवड्यांनी सोनोग्राफीत गर्भाशयाचे अस्तर सात मिलिमीटर किंवा अधिक जाड दिसले, की प्रोजेस्टेरॉनची भर पडते. ते योनिमार्गे घ्यावयाचे किंवा तेलातील औषधाच्या सुईने स्नायूत टोचावयाचे. पाच दिवसांचा गर्भ असेल तर प्रोजेस्टेरॉनच्या सहाव्या दिवशी रोपण होते. या तेलाच्या सुया रोज घेणाऱ्या स्त्रीला बसावयाची जागा दुखरी होते, तेथे गाठी धरतात. गुंगी, मळमळ, स्तनांचा ताण, डोकेदुखी ही तर नित्याची सोबत. हे सारे सोसून ती सकाळी डबा भरून देते, किंवा स्वतःच फायली घेऊन बैठकीला जाते, आणि घरचे लोक म्हणतात, "गोळ्याच तर घ्यायच्या आहेत!"

आता निसर्गक्रमाकडे वळू. ज्या स्त्रीची पाळी नियमित आहे, तिच्या देहात ही तयारी दर महिन्यास आपोआप होत असते. बीज बाहेर पडले, की ज्या कोशातून ते निघाले त्याचा एक पिवळसर पिंड बनतो. हा पीतपिंड प्रोजेस्टेरॉन निर्माण करतो, इस्ट्रोजेन करतो, रिलॅक्सिनसारखी आणखीही द्रव्ये करतो. गोळ्यांनी बांधलेल्या चक्रात बीजविमोचन दबून जाते, म्हणून पीतपिंड तयारच होत नाही. साहजिकच गर्भ राहिला तरी औषध थांबवता येत नाही. वार आपले काम हाती घेईपर्यंत, म्हणजे बहुधा दहा-बारा आठवड्यांपर्यंत, ते चालू ठेवावे लागते. त्या अवधीत पतीच्या किंवा तिच्या बदलीचा हुकूम आला, तर नव्या गावी प्रथम घर शोधावे की सुई देणारी परिचारिका, हा प्रश्न तिच्यापुढे उभा राहतो.

ज्यांना बीजविमोचन होत नाही, ज्यांच्या अंडाशयांचे कार्य थांबले आहे, ज्यांचे चक्र अत्यंत अनियमित आहे, त्यांच्यापैकी पुष्कळजणींना ही संप्रेरके म्हणजे मोठेच वरदान आहे. त्यांच्या उपचाराविषयी माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो नियमित चक्राच्या स्त्रीलाही सरसकट त्याच वाटेने नेण्याला. नेदरलँड्समधील अनेक केंद्रांत झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा स्त्रियांचे दोन गट करून पाहिले होते. संप्रेरकांची वाट जिवंत अपत्याच्या जन्माबाबत वरचढ ठरली नाही. पुढे २०१९ पासून स्वीडन, अमेरिका येथील निरीक्षणांतून असेही दिसू लागले, की पीतपिंडावाचून राहिलेल्या गरोदरपणात रक्तदाबाचे विकार अधिक आढळतात. निरीक्षणाने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे मान्य. परंतु लाभ अधिक नाही आणि धोक्याची शंका आहे, अशा स्थितीत औषध का द्यावयाचे, याचे उत्तर देण्याची जबाबदारी देणाऱ्यावर पडते.

ते उत्तर एका शब्दाचे आहे: सोय. उपचारकेंद्राला रोपणे ठराविक वारी करता येतात, रविवार मोकळा राहतो. आपल्यालाही रजेच्या अर्जावर नेमकी तारीख लिहिता येते. नैसर्गिक चक्रात वारंवार सोनोग्राफी करावी लागते, रक्त-लघवीतील संप्रेरकाचा चढ पाहावा लागतो, आणि तो चढ कधी दिसेल हे कोणीही आठवडाभर आधी सांगू शकत नाही.

यावर कोणी म्हणेल, "इटानगरला नेमलेल्या माणसाने उपचारासाठी गुवाहाटीत किती दिवस मुक्काम ठोकावा? अंतर ही काय कल्पना आहे?" आक्षेप खरा आहे. अंतर आहे, खर्च आहे, आणि एखादी स्त्री सारे समजून उमजून निश्चित तारखेची वाट पत्करील, तर तो तिचा अधिकार आहे. मात्र तिला दोन वाटा आहेत हे कळले पाहिजे. २०२१ च्या साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने उपचाराचे फायदे, तोटे, खर्च, दुष्परिणाम आणि धोके समजावून सांगण्याचे बंधन केंद्रांवर घातले आहे, आणि लेखी संमतीची अट घातली आहे. ज्या संमतीपत्रात पर्यायाचा उल्लेखच नाही, त्यावरची सही ही संमती की केवळ पोच?

या शास्त्राचा आरंभ पाहिला तर आजची आपली घाई अधिकच खटकते. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये जे पहिले बालक जन्मले, त्याच्या आईला बीजवाढीची औषधे दिली नव्हती. एडवर्ड्स आणि स्टेप्टो तिच्या लघवीतील संप्रेरकाचा चढ मोजत होते आणि त्यावरून आपली वेळ ठरवीत होते. डॉक्टरांनी देहाचे पंचांग मानले होते. त्यानंतर ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नातून भारतातील पहिले बालक जन्मले. मुखर्जींनी बीजे मिळवण्यासाठी औषधे वापरली. परंतु गर्भ ५३ दिवस गोठवून ठेवला आणि पुढच्या, औषधांनी न चेतवलेल्या चक्रात त्याचे रोपण केले.

त्या मुखर्जींचे पुढे काय झाले, हे सरकारी नोकरांनी तरी विसरू नये. राज्य सरकारच्या चौकशी समितीने त्यांच्यावर अविश्वास दाखवला. १९८१ साली त्यांची बदली नेत्रचिकित्सेच्या संस्थेत झाली. त्याच वर्षी १९ जूनला त्यांनी आत्महत्या केली. त्यांचे श्रेय १९९७ मध्ये डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी जाहीरपणे मांडले. आणि हे आनंद कुमार म्हणजे १९८६ साली मुंबईत झालेल्या अशाच जन्माच्या शिल्पकारांपैकी एक! बदलीचा कागद सही करणाऱ्याला हलका वाटतो. तो कोणाच्या आयुष्यावर किती भाराने पडतो, हे त्याला ठाऊक नसते.

म्हणून माझे म्हणणे केवळ डॉक्टरांपुरते नाही. ते मुख्यतः आपल्या कचेऱ्यांना उद्देशून आहे. केंद्र सरकारने २०११ साली आपल्या नोकरांसाठी आयव्हीएफच्या खर्चाची भरपाई मान्य केली. १९७२ च्या रजा-नियमांत २०२४ साली सरोगसीने माता होणाऱ्या स्त्रीसाठी १८० दिवसांची रजा आली. दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. परंतु पैसा मिळाला आणि जन्मानंतरचे दिवस मिळाले, तरी मधले दिवस अर्जित रजेतून वा वैद्यकीय दाखल्यावर काढावयाचे; आणि तेही आगाऊ तारखा लिहून! जो अर्ज तारीख मागतो, तो नकळत संप्रेरकेही मागतो.

मागणी मोठी नाही. अशा उपचारासाठी ठराविक तारखांऐवजी एका पंधरवड्याची मुभा मंजूर व्हावी, त्यातील लागतील ते दिवस घेता यावेत. उपचार सुरू झाल्यापासून गरोदरपणाच्या बाराव्या आठवड्यापर्यंत बदलीचा हुकूम थांबवावा. आणि हे मंजूर करण्याचा अधिकार वापरताना अर्जदाराला चारचौघांत कारण विचारू नये. या सवलती देणाऱ्या खुर्च्यांवर आपल्यापैकीच कितीतरीजण बसलेले आहेत. वरून नियम येईपर्यंत थांबण्याचे त्यांना कारण नाही. आहे त्या नियमांत रजा मंजूर करताना लवचीकपणा दाखवणे आजही त्यांच्या हाती आहे. तेवढे त्यांनी केले, तर एखाद्या स्त्रीच्या देहाला तिच्या स्वतःच्या क्रमाने चालण्याची संधी मिळेल. सही करण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला एवढेच विचारावे: ही तारीख कोणाच्या सोयीची आहे?