सर्व्हर बदलतो, पत्रांचे काय?

जर्मनीच्या उत्तरेकडील श्लेस्विग-होल्स्टाइन या राज्याने आपल्या प्रशासनाच्या ईमेल व्यवस्थेचे स्थलांतर पूर्ण केल्याचे ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केले. चाळीस हजारांहून अधिक टपालपेट्या आणि दहा कोटींहून अधिक ईमेल व दिनदर्शिकेतील नोंदी सुमारे सहा महिन्यांत मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंजवरून ओपन-एक्स्चेंज या मुक्तस्रोत प्रणालीवर नेण्यात आल्या. अशा घटनांची चर्चा स्वावलंबन, खर्च आणि सुरक्षितता या तीन अंगांनी होते, आणि ती व्हावीच. परंतु साहित्याच्या अभ्यासकांनी विचारावा असा चौथा प्रश्नही येथे आहे, असे आम्हांस वाटते.

सर्व्हर बदलणे म्हणजे सामान एका घरातून दुसऱ्या घरात हलवणे, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः काहीच हलत नाही. जुन्या सर्व्हरवरील प्रत्येक पत्राची नव्या सर्व्हरवर नक्कल होते आणि कालांतराने मूळ पुसले जाते. पत्ता तोच राहत असल्याने हे कोणाला जाणवतही नाही. मात्र नक्कल म्हटली की नकलेचे दोष आलेच. पत्र सर्व्हरवर पोचल्याची तारीख नक्कल करणाऱ्या आज्ञावलीने सोबत नेली नाही, तर दहा वर्षांची पत्रे एकाच दिवशी आल्यासारखी दिसू लागतात. जीमेलमध्ये एका पत्राला दोन लेबले असतील, तर नव्या ठिकाणी त्याच्या दोन प्रती होऊ शकतात. ज्यांनी आपली पत्रे स्वतःच्या संगणकावर उतरवून सर्व्हरवरून काढून टाकली, त्यांच्या बाबतीत तर नक्कल करण्याजोगे तेथे काही उरलेलेच नसते.

पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना व शिकणाऱ्यांना हे अनोळखी वाटू नये. ज्ञानेश्वरीत लेखनिकांच्या हातून शिरलेले अपपाठ दूर करून एकनाथांनी १५८४ मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. अनेक प्रती हाती असतात, तेव्हाच पाठ ताडून पाहता येतो. सर्व्हरच्या स्थलांतरात नेमकी हीच सोय नष्ट होते. मूळ पुसल्यावर नकलेतील चूक हाच एकमेव पाठ ठरतो.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. जी. ए. कुलकर्णी यांचे निधन १९८७ मध्ये झाले. त्यांच्या निवडक पत्रांचे खंड निघू शकले, कारण ज्यांना ती पत्रे आली त्यांनी ती जपली होती. आजच्या लेखक-प्राध्यापकाचा पत्रव्यवहार संस्थेच्या सर्व्हरवर असतो, आणि तो निवृत्त होताच त्याचे खाते 'निष्क्रिय' या सदरात जमा होते. शैक्षणिक संस्थांना दिलेली अमर्याद साठवण बंद करून १०० टेराबाइटची सामायिक मर्यादा घालण्याचे गूगलने फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर केले. तेव्हापासून अशी खाती भार ठरणे स्वाभाविकच होते. याउलट ब्रिटिश लायब्ररीने २०११ मध्ये वेंडी कोप या कवयित्रीचा संग्रह विकत घेतला, त्यात सुमारे चाळीस हजार ईमेल होते. ग्रंथालयाने ईमेललाही हस्तलिखिताचाच मान दिला.

सर्वच जपावे, असे आमचे म्हणणे नाही. सूचनापत्रांचा व जाहिरातींचा ढीग कोणत्याही संशोधकाला नको असतो. खासगी पत्रांवर ती लिहिणाऱ्याचाही हक्क असतो आणि साठवणुकीला पैसे पडतात. परंतु म्हणूनच निवड करावी लागते. निवड हा अर्थनिर्णयाचा भाग आहे, तो केवळ तांत्रिक विभागावर सोपवणे त्या विभागावरही अन्यायाचे आहे.

यासाठी फार काही लागत नाही. स्थलांतराची पूर्वसूचना एक-दोन आठवड्यांची नव्हे, एका सत्राची असावी. निवृत्तांनाही ती मिळावी आणि आपली पत्रे उतरवून घेण्याची रीत त्यांना समजावून सांगितली जावी. जुना सर्व्हर किमान वर्षभर केवळ वाचनासाठी खुला ठेवावा, म्हणजे प्रती ताडून पाहता येतील. आणि स्थलांतराच्या समितीत ग्रंथपाल व भाषाविभागाचा एक अध्यापक असावा. उद्याच्या पत्रसंग्रहाचे संपादन आज त्या समितीच्या बैठकीतच होत असते. तेथे आपली खुर्ची रिकामी राहिली, तर पुढे संपादन करण्याजोगे काही उरले नाही, अशी तक्रार करण्याचा अधिकार आपल्याला राहणार नाही.