पडद्यावरचा डॉक्टर कोणाला भेटतो?

‘घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यायला वयाची किंवा शिधापत्रिकेची अट असते का?’ असे अनेक ज्येष्ठ वाचक विचारतात. दोन्हींपैकी एकही अट नाही. केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी जाहीर केलेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनी या भेटीस अधिकृत मान्यता दिली. शासनाची ‘ई-संजीवनी’ सेवा विनामूल्य असून मोबाईल क्रमांकावर नोंदणी होते. स्मार्टफोन नसेल तर मालेगाव तालुक्यातील गावकऱ्यांनी जवळच्या उपकेंद्रात चौकशी करावी. तेथील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवून डॉक्टरांशी जोडून देऊ शकतात.

खरा प्रश्न संमतीचा आहे. रुग्णाने स्वतः संपर्क साधला, तर त्याची संमती गृहीत धरतात. पण मुलगा पुण्यात, वडील मालेगावात आणि फोन मुलाचा, अशा वेळी डॉक्टर नाते व अधिकार यांची खात्री मागतील. त्याचा राग मानू नये. स्मृतिभ्रंशासारख्या आजारामुळे रुग्ण बोलू शकत नसेल, तर काळजीवाहकाला त्याच्या वतीने बोलता येते. अन्यथा वडिलांना पडद्यासमोर बसवावे, हेच उत्तम.

आपल्या गावात आणखी एक अडचण आहे. यंत्रमागांच्या खडखडाटात उभे आयुष्य काढलेल्या कित्येकांना नीट ऐकू येत नाही. ते मान हलवतात आणि आपल्याला वाटते, समजले! अशा रुग्णाजवळ कोणीतरी बसून डॉक्टरांचे प्रत्येक वाक्य मोठ्याने, आणि घरात अहिराणी वा उर्दू बोलली जात असेल तर त्या भाषेत, पुन्हा सांगावे. शेवटी रुग्णाकडून गोळ्यांच्या वेळा वदवून घ्याव्यात. माग चालू असलेल्या खोलीत हा संवाद करू नये, हे वेगळे सांगायला हवे का?

औषधांनाही मर्यादा आहेत. ज्या आजारासाठी गेल्या सहा महिन्यांत त्याच डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासले आहे, त्याच्या चालू गोळ्या ते दूरस्थ भेटीत पुन्हा लिहून देऊ शकतात. रक्तदाब आणि मधुमेहाच्या रुग्णांचे बरेच हेलपाटे यामुळे वाचतात. मात्र झोपेसाठी घेतली जाणारी अल्प्राझोलामसारखी औषधे अशा भेटीत लिहून देण्यास मनाई आहे. ‘एकच पट्टी लिहा’ असा आग्रह कृपया धरू नये.

छातीत दुखणे, धाप लागणे, अचानक तोंड वाकडे होणे, हातापायांतील शक्ती जाणे, बेशुद्धी यांपैकी काहीही दिसल्यास पडद्यावरील टोकनची वाट पाहू नये. लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पोटदुखी, जखम, पायावरची सूज यांना हाताने चाचपून पाहावे लागते. ‘प्रत्यक्ष या’ असे डॉक्टर म्हणाले, तर ती टाळाटाळ नव्हे. तसे सांगून सल्ला थांबवण्याची मुभा त्यांना नियमांनीच दिली आहे.

संपर्कापूर्वी सध्याच्या गोळ्यांची पाकिटे, जुने कागद आणि त्या दिवशीचा रक्तदाब समोर ठेवावा. ‘ती पांढरी गोळी’ एवढ्यावरून कोणत्याही डॉक्टरला औषध ओळखता येत नाही.