दार उघडल्यानंतरचा पोपट

पिंजऱ्यातला पोपट हे आपल्या कवितेतले झिजलेले रूपक. दार उघडले की कविता संपते. पक्ष्याची अडचण मात्र तेथूनच सुरू होते. देशी पोपट पाळणे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे. कायद्यात बसतो तो मूळ ऑस्ट्रेलियातला कॉकटिएल. उडायला शिकण्याच्या वयातच पंख छाटलेला असा पक्षी नवी पिसे आल्यावर झेपावतो खरा. पण ऐन वेळी अंग उभे करून, पंख-शेपटी पसरून वेग मोडायचा आणि पाय पुढे काढायचे, हे त्याला साधत नाही. तो खिडकीच्या काचेवर आदळतो, नाहीतर पडद्याच्या दांडीवर बसून राहतो. (छताचा पंखा बंद हवा, हे सांगणे नलगे.) सुरक्षिततेसाठी पंख छाटावेत हा युक्तिवाद म्हणूनच मला लबाडीचा वाटतो. त्यापेक्षा एका दांडीवरून वीतभर अंतरावरच्या दुसरीवर, मग हातभर, आणि सर्वांत शेवटी वरून खाली, असा सराव द्यावा. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातला शुक बांधलेला नसतानाही नळी सोडत नाही. तो भ्रम, असे आपण वर्गात शिकवतो. पडद्याच्या दांडीवरच्या या पक्ष्याला मात्र भ्रम झालेला नाही. खाली कसे उतरायचे, हे त्याला खरोखरच ठाऊक नाही.