ते घड्याळ चुकत नाही!

मित्रांनो, आपल्याकडे उज्जैनची ट्रिप म्हणजे महाकाल, क्षिप्रा आणि पोहे-जिलेबी! तिथल्या वेधशाळेत कुणी गेलंच, तर सम्राट यंत्राच्या जिन्याजवळ फोटो काढायचा, सावली बघायची आणि म्हणायचं, "हे तर अर्धा तास मागे आहे यार." झालं दर्शन!

माझं म्हणणं एवढंच, की इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याने तरी इथे थांबायला हवं. कारण ते घड्याळ चुकत नाही. आपल्या मनगटावर ८२.५ अंश रेखांशाची वेळ असते आणि उज्जैन आहे ७५ अंश ४६ मिनिटांवर. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात, म्हणजे फरक जवळपास २७ मिनिटांचा. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला. त्यामुळे तेच यंत्र नोव्हेंबरच्या सुरुवातीला साधारण ११ मिनिटे मागे दिसतं, तर फेब्रुवारीच्या मध्याला ४१ मिनिटे!

ही वेधशाळा सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात बांधली. पुढे ती मोडकळीस आली. १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला आणि गोविंद सदाशिव आपटे हे मराठी ज्योतिर्गणिती तिचे अधीक्षक झाले. म्हणजे हा वारसा आपलाही आहे.

कुणी म्हणेल, मोबाईलवर सेकंदापर्यंत वेळ दिसते, मग हा खटाटोप कशाला? अहो, मोबाईल फक्त उत्तर देतो, स्टेप्स दाखवत नाही. आणि नुसत्या उत्तराला व्हायव्हात कोण मार्क देतं? हल्ली आपण मोजणंच सोडून दिलंय. प्रॅक्टिकलचे रीडिंगसुद्धा मागच्या बॅचच्या जर्नलमधून येतात, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे!

आपला भंडारा पितळी भांड्यांसाठी ओळखला जातो. पूर्वी लग्नाचा मुहूर्त घटिकापात्राने साधत. तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे. भोक किती मोठं ठेवायचं, हे कुणीतरी मोजूनच ठरवलं असेल ना?

म्हणून सुचवावंसं वाटतं, की गॅदरिंगच्या मंडपाचा थोडा खर्च वाचवून कॉलेजच्या आवारात एक छायायंत्र उभारूया. तिरप्या भिंतीचा कोन इथल्या अक्षांशाइतका, म्हणजे २१ अंश १० मिनिटे. खरी उत्तर दिशा होकायंत्राने नाही, तर सावलीवरून सिव्हिलवाल्यांनी काढावी. तासांच्या खुणांसाठी पितळी पट्ट्या मेकॅनिकलवाल्यांनी बसवाव्यात आणि वर्षभराच्या दुरुस्तीचा तक्ता कॉम्प्युटरवाल्यांनी करावा.

आपल्या घड्याळापेक्षा ते सरासरी ११ मिनिटे मागे राहील. पण का मागे आहे, हे फर्स्ट इयरचा पोरगाही सांगू शकेल. बोला, कधी सुरुवात करायची?