एका अक्षराची चूक

गेल्या महिन्यांत आमच्या परिचयाच्या एका घरीं ठरत आलेली सोयरीक मोडली. मुलीच्या चुलत्यांस मूत्राशयाचा कर्करोग झाल्याचें वरपक्षाच्या कानीं गेलें, आणि ‘कुळांत रोग आहे’ म्हणून त्यांनीं पत्रिका परत पाठविली. याहून वाईट गोष्ट मागाहून कळली. लघवींतून रक्त जात असल्याचें चुलत्यांनीं सहा महिने कोणास सांगितलेंच नव्हतें. पुतणीचें लग्न जमावयाचें होतें ना! दोन्ही घरें सुशिक्षित. म्हणून आज एका जनुकाची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

जनुक म्हणजे शरीरांतील एखादें प्रथिन कसें घडवावें याचा लेख. त्याची वर्णमाला अवघ्या चार अक्षरांची. आपल्या अकराव्या गुणसूत्रावर ‘एच-रास’ नांवाचें जनुक आहे. त्यावरून घडणारें प्रथिन लहानसेंच, १८९ अमिनो आम्लांच्या साखळीचें. पेशीच्या आवरणास आंतून चिकटून बसावें आणि बाहेरून वाढीचा निरोप आला कीं तो आंत पोंचवावा, हें त्याचें काम.

शाळेंत घंटा देणारा शिपाई आम्हीं उभा जन्म पाहिला. आज्ञा होतांच तो टोल देई व पुन्हां स्वस्थ बसे. रासचेंही तसेंच आहे. निरोप येतांच तें ‘जीटीपी’ नामक रेणू धरून जागें होतें, आणि कांहीं वेळानें त्याच रेणूचा एक तुकडा तोडून शांत होतें.

१९८२ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशींतील हें जनुक निरोगी जनुकाशीं ताडून पाहिलें. दोष निघाला तो केवळ एका अक्षराचा. त्यामुळें साखळींतील बाराव्या स्थानीं ग्लायसीन जाऊन व्हॅलीन आलें होतें. ग्लायसीन हें सर्वांत लहान अमिनो आम्ल. त्या अरुंद जागीं त्याहून मोठें आम्ल येतांच रेणू तोडण्याची क्रिया अडते. शिपाई टोल देतच राहतो आणि पेशी वाढतच राहते. एवढ्या एकाच दोषानें रोग पुरा होत नाहीं, इतर जनुकांतही बिघाड व्हावे लागतात. परंतु आरंभास हातभार लागतो. ‘इंद्रशत्रु’ या शब्दाचा एक स्वर चुकल्यानें इंद्राऐवजीं वृत्रच मारला गेला, ही कथा आमच्या वाचकांस ठाऊक आहेच.

आतां मुद्याची गोष्ट. ही चूक बहुधा आईबापांकडून येत नाहीं. ती त्या मनुष्याच्याच हयातींत, मूत्राशयाच्या एखाद्या पेशींत घडते. मूत्राशयाच्या कर्करोगाचें प्रमुख कारण तंबाखूचा धूर होय, आणि चुलत्यांस सिगारेटची संवय तरुणपणापासूनची. पुतणीचा यांत काय दोष? कांहीं कर्करोगांत सदोष जनुक वंशपरंपरेनें येतें, हेंही खरें. स्तनाच्या कर्करोगांतील ‘ब्राका’ जनुकें हें त्याचें उदाहरण. परंतु त्याचा निर्णय तज्ज्ञ डॉक्टरांनीं तपासून द्यावा, सोयऱ्यांनीं नव्हे.

चूक नेमकी सांपडली म्हणजे उपायही सुचतो. रासचेंच भावंड जें ‘के-रास’, त्याच्या बाराव्याच स्थानच्या एका दोषावरील ‘सोटोरासिब’ हें फुप्फुसाच्या कर्करोगाचें औषध २०२१ सालीं अमेरिकेंत मान्य झालें.

लघवींत रक्त दिसल्यास, वेदना नसली तरी, त्याच आठवड्यांत डॉक्टरांस दाखवावें. घरांतील वडील माणसांस आमची विनंति एवढीच, कीं लग्नकार्यासाठीं दुखणें झांकूं नये आणि दुसऱ्याचें कळल्यास पत्रिका परत करूं नये. त्या चुलत्यांवर आतां उपचार चालू आहेत. ते सहा महिने मात्र परत मिळावयाचे नाहींत.