आधी वजन विचारा

राजूर घाट उतरून मोताळ्याकडे निघालं की पायाखालची जमीनच बदलते. वर बुलढाणा, चिखली, मेहकरकडे मुरूम, बसाल्टचे सुटे गोटे आणि मध्येच उघडी पडलेली खडकाची पाठ. खाली नांदुरा, मलकापूर, जळगाव जामोदकडे पूर्णेच्या खोऱ्यातली खोल काळी माती. घाटावरचा आणि घाटाखालचा अशी माणसांची विभागणी इथे रोजच्या बोलण्यात आहे; मोटारसायकलच्या चाकालाही ती तितकीच लागू पडते. एकाच दिवसात दोन्ही जमिनी देणारा हा जिल्हा ऑफ-रोडची गाडी पारखायला फार सोयीचा आहे, म्हणून पावसाळी अंकाचं हे टिपण त्याच्यावरच बेतलं आहे.

आपल्यापैकी कुणी गॅरेज चालवतं, कुणी रायडिंग शिकवतं, कुणी सहली नेतं. ‘ॲडव्हेंचरसाठी कोणती गाडी घेऊ?’ हा प्रश्न सगळ्यांनाच येतो आणि आपण बहुतेक जण सीसीत उत्तर देतो. दोनशेची घे, बजेट असेल तर साडेचारशेची घे. मला हा उत्तराचा क्रमच चुकीचा वाटतो. आधी वजन विचारावं. सीसी शेवटी आली तरी चालेल.

काळ्या मातीपासूनच सुरुवात करू. ही माती उन्हाळ्यात भेगाळते. पाऊस पडला की तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि चाकाला थरांवर थर चढवते. टायरच्या खाचा पहिल्या काही वेढ्यांतच बुजतात. म्हणजे महागड्या टायरचा उपयोग तिथेच संपला. पुढे मडगार्ड आणि चाकामधली फट भरते, चाक फिरायचं थांबतं आणि इंजिन मात्र ओरडत राहतं. नवखा माणूस इथे ॲक्सिलरेटर पिळतो. मागचं चाक खड्डा खणत खाली जातं, क्लचप्लेटचा वास येतो. जाणता माणूस गाडीवरून उतरतो, पहिल्या गिअरमध्ये अर्धा क्लच धरून गाडीच्या बाजूने चालत तिला पांदणीतून बाहेर काढतो. हे दीडशे किलोच्या आतबाहेर जमतं. दोनशे किलोच्या गाडीशेजारी गाऱ्यात चालून पाहा, मग आपण बोलू.

घाटावर प्रश्न वेगळा, उत्तर तेच. सुट्या मुरमावर उतार लागला की गाडीचं वजनच तिला खाली ढकलतं आणि पुढचा ब्रेक जरा जास्त दाबला की चाक सरकतं. इंजिन ब्रेकिंगवर उतरायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण वजन जितकं जास्त तितकी चूक सुधारायला जागा कमी. शिवाय वाट पुढे बंद असते, हे प्रवासी मासिकांत कुणी लिहीत नाही. दोन धुऱ्यांमधल्या अरुंद पांदणीत गाडी वळवायची तर मागचं चाक उचलून बाजूला ठेवावं लागतं. एकट्याने.

जिल्ह्यातले खरे ऑफ-रोड रायडर कोण, तर दूधवाले, महावितरणचे वायरमन, वनरक्षक, कृषी सहायक. त्यांच्याकडे शंभर-सव्वाशे सीसीच्या, एकशेदहा-वीस किलोच्या गाड्या असतात. पावसाळा लागला की त्यातले काही जण पुढचा मडगार्ड सोडवून घरी ठेवतात, कारण त्यांना त्या फटीचं गणित कुठल्याही ब्रोशरपेक्षा चांगलं कळतं. जवळच्या वाळूजमध्ये कारखाना असलेल्या बजाजची बॉक्सर युगांडा-केनियात बोडा-बोडा टॅक्सी म्हणून कच्च्या रस्त्यांवर माणसं आणि केळ्यांचे घड वाहते, तीही याच जातीची. तिला कुणी ॲडव्हेंचर म्हटलं नाही, हा तिचा दोष नाही.

आता बाजारात काय मिळतं ते. हीरोने 2011 मध्ये 150 सीसीची इम्पल्स आणली होती: 134 किलो, लांब सस्पेन्शन, वर उचललेला पुढचा मडगार्ड. आपल्याच धंद्यातल्या लोकांनी ‘तेरा अश्वशक्तीत काय होतं’ म्हणून तिची टर उडवली. गिऱ्हाईक फिरकलं नाही, गाडी बंद झाली, आणि आज तीच जुन्या बाजारात शोधत फिरणारे लोक आहेत. तिचा वारसा 2019 मध्ये एक्सपल्स 200ने घेतला. 4व्ही एक्सपल्स सुमारे 158 किलोची आहे. पुढे 21 आणि मागे 18 इंची स्पोकची चाकं, जमिनीपासून 220 मिलिमीटर उंची. 2025 मध्ये आलेली एक्सपल्स 210 ताकदीने सरस आहे, पण दहाएक किलोने जड आणि तिच्यात रेडिएटर आहे. कावासाकीची केएलएक्स 230 भारतात आली तेव्हा 139 किलोची होती, हवेने थंड होणारी आणि साधी. रॉयल एनफील्डची हिमालयन 450 हे चांगलं यंत्र आहे, पण 196 किलोचं. नांदुऱ्याच्या शिवारात ती आडवी झाली तर उचलायला शेजारच्या वावरातून माणसं बोलवावी लागतील.

मोठं इंजिन लागतंच, असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. डकार रॅलीत 2011 पासून 450 सीसीपेक्षा मोठ्या मोटारसायकलला प्रवेश नाही. सी. एस. संतोषने 2015 मध्ये भारतीय म्हणून पहिल्यांदा मोटारसायकलवर डकार पूर्ण केली, तीही याच मर्यादेत. आणि लोईस प्राइस नावाच्या ब्रिटिश बाईने 2003 मध्ये अलास्काहून अर्जेंटिनाच्या टोकापर्यंतचा प्रवास यामाहाच्या 225 सीसी गाडीवर केला.

वजन शोरूममध्ये ठरतं त्यापेक्षा जास्त ते आपल्या गॅरेजमध्ये वाढतं. लोखंडी क्रॅशगार्ड, तीन पेट्या, त्यांच्या चौकटी, जेरीकॅन, चार दिवे. हलकी म्हणून घेतलेली गाडी सहा महिन्यांत जड गाडीच्या पंक्तीला बसते, आणि हे वजन बहुतेक मागे आणि उंच जागी असतं. शेगावच्या स्टेशनाबाहेर कचोरी खायला आलेल्या अशा गाड्या पाहिल्या की त्या कुठल्या मोहिमेवरून परतल्या, असं विचारावंसं वाटतं. मला दोनच गोष्टी आवश्यक वाटतात: इंजिनखालचा संरक्षक पत्रा आणि हातांचे गार्ड. बाकी सामान मऊ बॅगांत, शक्य तितकं खाली.

हलक्या गाडीचीही किंमत मोजावी लागते, ती लपवू नये. पहिली, सीटची उंची. केएलएक्सची सीट 880 मिलिमीटरवर आहे. एक्सपल्सच्या रॅली आवृत्तीचीही साधारण तितकीच. साडेपाच फुटी माणसाचे दोन्ही पाय टेकत नाहीत. एक पाय नीट टेकला तर पुरे, हे शिकवणाऱ्यांनी शिकवायला हवं. आपण त्याऐवजी सीट कापून देतो आणि मागची लिंक बदलून गाडी खाली बसवतो, म्हणजे ज्यासाठी पैसे दिले तेच काढून घेतो. दुसरी, सस्पेन्शन. गाडी हलकी असली की बसणाऱ्याच्या वजनाचा हिस्सा वाढतो. पंचावन्न किलोची मुलगी आणि नव्वद किलोचा मेस्त्री यांना एकच प्रीलोड चालत नाही. गिऱ्हाइकाला गाडीवर बसवून मागचा शॉकअप किती दबतो ते मोजायला दहा मिनिटं लागतात, तेवढी द्या.

ट्यूबलेस की ट्यूब या वादात मी ट्यूबच्या बाजूचा. वेडी बाभूळ इथे सगळीकडे आहे, पंक्चर होणारच. आणि ट्यूबचं पंक्चर काढणारा माणूस लहान गावातही भेटतो. हवा मात्र खडकावर फार उतरवू नका, रिमखाली ट्यूब चिमटते.

लांबच्या हायवेचा मुद्दा उरतो आणि तो खरा आहे. समृद्धी महामार्ग मेहकर, सिंदखेडराजावरून जातो, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. पुण्याहून निघणाऱ्याला जुन्या रस्त्यांनी साडेतीनशे-चारशे किलोमीटर काटायचे, तर दोनशे सीसीचं इंजिन कानाशी भुणभुणत राहतं. ज्याची वाट नव्वद टक्के डांबराची आहे त्याने हिमालयन घ्यावी, आणि उरलेल्या दहा टक्क्यांत पाऊस पडला तर चहा प्यावा. मधलं काही मिळेल असं सांगून गिऱ्हाइकाला फसवू नका.

सहली नेणाऱ्यांसाठी आणखी एक. ज्ञानगंगा अभयारण्यातून जाणारा बोथ्याचा रस्ता रस्ता म्हणूनच वापरायचा, त्यावरून जंगलात फाटा फोडायचा नाही. 2019 च्या डिसेंबरात टिपेश्वरहून निघालेला वाघ शेकडो किलोमीटर चालून इथे पोचला होता, तो आपल्या सायलेन्सरचा आवाज ऐकायला नव्हे. लोणारचं विवरही अभयारण्य आहे. पेरलेल्या वावरात चाक घालणाऱ्याला तर शेतकरी आधी आणि कायदा नंतर भेटतो. मोकळा मुरूम, नदीकाठ आणि गावकऱ्यांना विचारून घेतलेली पडीक जमीन एवढं मैदान शिकायला पुरेसं आहे.

पुढच्या अंकापासून आमच्या प्रत्येक चाचणीत कंपनीने छापलेल्या वजनाशेजारी टाकी भरून, पेट्या लावून आम्ही काट्यावर घेतलेलं वजनही छापू. शिवाय गाडी काळ्या मातीत आडवी पाडून एकट्या माणसाने ती उचलली की नाही, एवढंच लिहू. या चाचणीसाठी ज्या विक्रेत्यांना गाडी द्यायची नसेल, त्यांची नावं आम्ही छापणार नाही. फक्त गाडीच्या नावापुढची जागा कोरी ठेवू.